चैत्रातला माज

चैत्रात विलायती मेंढ्या माजावर आल्या. "आत्याबाई, मेंढा सोडू?" सुनेनं विचारलं.

धुरपदा थबकली. दख्खनी मेंढ्या कधीही माजावर येतात. थंड मुलखातून आणलेल्या या मात्र दिवस लहान व्हायला लागल्यावरच. बारा वर्षांत त्या कधी चुकल्या नव्हत्या. आणि चैत्रात दिवस मोठा होतो.

कारखान्याचा संध्याकाळी सहाचा भोंगा झाला, की ती भाकऱ्यांना बसायची. दिवस मावळेपर्यंत बारा व्हायच्या. परवा अकरा झाल्या, काल दहा. "तुमचे हात मंदावले," सून हसली होती.

आज भोंगा होताच तिनं सुनेलाच बसवलं. सुनेचे हात झपाझप चालले. नवव्या भाकरीला निरभ्र आभाळ अंधारलं.

"मेंढा सोडू?" सुनेनं हळूच विचारलं.

"थांब. कोकरं पाच महिन्यांनी व्हायची. तोवर दिवस उरतोय का, बघू."