सवतीची डागडुजी

गरम हवेचा झोत लागला की डांबरी थर आधी चकाकायचा, मग मऊ पडायचा, मग पात्यावर गोळा होऊन यायचा. ग्रॅहम गॅरेजच्या खड्ड्यात मान वर करून उभा होता. डोक्यावर वडिलांची हिलमन गाडी. चौसष्ट सालची, आणि तळाला चौसष्टपासूनचे, गंज रोखायला फासलेले डांबराचे सगळे थर.

शनिवारी आईला कॉव्हेंट्रीचं घर सोडायचं होतं. समुद्राकाठी क्रोमरला, ग्रॅहमच्या बहिणीशेजारी, तिच्यासाठी फ्लॅट घेतला होता. आईनं, म्हणजे डॉरीननं, एकच अट घातली होती. हिलमन येणार असेल तर मी येईन, नाहीतर माझं सामान परत लावा. आणि ट्रकवर लादून नाही, आपल्या चाकांवर.

सगळ्यांना नवल वाटलं. चाळीस वर्षं ती या गाडीला सवत म्हणत आली होती. तिचा नवरा विल्फ दिवसभर कारखान्यात गाड्या जोडायचा आणि घरी येऊन पुन्हा हिच्याखाली शिरायचा. जेवण खालूनच सरकवू का, असं ती दारातून विचारायची. तिला स्वतःला गाडी येत नव्हती. येत असती तरी उपयोग नव्हता, विल्फनं कुणाला चाकाला हातच लावू दिला नाही. पोटच्या पोरालासुद्धा, तो पन्नाशीला आला तरी.

"म्हातारपणी सवतही गोड लागते," नेव्हिल म्हणाला. तो विल्फच्या हाताखाली शिकलेला. आता सत्तरीत होता, आणि वेल्डिंगची वेळ येईपर्यंत स्टुलावर बसून ग्रॅहमच्या चुका काढत होता.

हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठानं पत्रा खाल्ला होता. वेल्डिंगच्या आचेनं डांबर पेटतं, म्हणून आधी सगळा तळ खरवडून काढायचा होता. डॉरीन पंधरा दिवस मुलीकडे पडदे शिवायला गेली होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. शनिवारी निघेल ना ती? निघेल, ग्रॅहम सांगायचा, तळाला नवा रंग देतोय. जपून, एवढं म्हणून ती फोन ठेवायची.

तिचं सगळं असंच थोडक्यात. दोन वर्षांपूर्वी विल्फ गेला तेव्हा रक्षा आणायला एकटीच गेली. त्यांना बरं वाटेल तिथे ठेवून आले, इतकंच म्हणाली. ग्रॅहमनं खोदून विचारलं नाही. वर्षातून दोनदा का होईना, विल्फ कालव्यावर गळ टाकून बसायचा. तेव्हापासून ग्रॅहम दर मे महिन्यात कालव्यात फुलं सोडायचा.

खरवडलेल्या दोन बादल्या कचराडेपोत गेल्या. सोमवारी तो ड्रायव्हरच्या बाजूला आला, आणि पातं खरखरलं. इथला वरचा थर वेगळाच होता. राखाडी, रवाळ, भिंत सारवल्यासारखे आडवेतिडवे फटकारे. तेही फक्त सीटच्या खाली, हातभर जागेत.

"वाळू मिसळलीय," ग्रॅहम म्हणाला.

नेव्हिलनं चष्मा चढवला. "विल्फनं? ब्रशचा एक केस चिकटला तर अख्खा थर पुसायचा तो."

"शेवटी शेवटी हात थरथरायचे त्यांचे."

नेव्हिलनं चष्मा उतरवला. ग्रॅहमचं पातं थांबलं. बाबांच्या हातचं हे शेवटचं काम, काढवत नव्हतं. पण खाली पत्र्याची चाळण झाली होती. मग त्यानं गरम झोत बंद केला आणि आजारी माणसाची नखं काढावीत तसं हळूहळू ते खरवडलं. तिसरी बादली अर्धी भरली. डेपोत जायला आगाऊ वेळ घ्यावी लागते, ती पुढच्या आठवड्यातली मिळाली. बादली झाकण लावून कोपऱ्यात राहिली.

नेव्हिलनं नवा पत्रा जोडला. मग रेड ऑक्साइडचं अस्तर, मग काळ्या रंगाचे दोन हात.

शनिवारी सकाळी डॉरीन आली ती थेट गॅरेजात. ग्रॅहमनं खड्ड्यात उतरायला हात पुढे केला.

"तिसरी पायरी हलते," ती म्हणाली आणि आपली आपण उतरली.

तळ आरशासारखा झाला होता. तिनं मान वर केली, ड्रायव्हरच्या सीटखालून हात फिरवला. सगळं गुळगुळीत. हात तिथेच थांबला.

"इथलं कुठे गेलं?"

"खरवडलं, आई. पार पत्र्यापर्यंत."

"ते दिसतंय. गेलं कुठे?"

"दोन बादल्या डेपोत टाकल्या, आणि..."

तिनं खड्ड्याची कड घट्ट धरली. "या बाजूचं?"

"ते तिसऱ्या बादलीत. कोपऱ्यात आहे अजून. पुढच्या आठवड्यात..."

"आण."

त्यानं आणली. डॉरीननं वर येऊन झाकण उघडलं, थोडा वेळ आत बघितलं, पुन्हा लावलं. बादलीवरची धूळ गळ्यातल्या स्कार्फनं पुसली. मग गाडीचं पुढचं दार उघडून बादली ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवली, विल्फनं बसवलेला पट्टा तिच्याभोवती आवळला आणि दोनदा ओढून पाहिला. स्वतः मागे जाऊन बसली.

ग्रॅहम किल्ली हातात घेऊन तसाच उभा होता.

"चल, बस. आणि वळणावर हळू घे हं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी चालवलेली तुझ्या बाबांना सोसत नाही."