घडी मोडलेलं लुगडं

कारकुनाने बोचकं सोडलं आणि पहिल्यांदा लुगडंच बाहेर काढलं. हिरवंगार, गिरणीची खळ अजून तशीच असलेलं. त्याने कोपरा उलटून छाप पाहिला.

"नवं आहे," तो म्हणाला. "जकात पडेल."

बनुबाईने पदराने तोंडावरचा घाम पुसला. तुडीलच्या वरच्या वाडीतून ती आणि तिचा दीर कुशाबा वैशाखाच्या उन्हात डोंगर चढून आली होती. खिंडीतल्या जकातनाक्याच्या या झोपडीच्या अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे नबाबाचा. पलीकडच्या उतारावर तिची लेक चंद्रभागा नांदत होती. आज पहाटे ती बाळंतपणात गेली. मूल तिच्याही आधी गेलं. माहेरचं लुगडं आल्याशिवाय उचलणार नाही, लौकर या, एवढाच निरोप आला होता.

लुगडं घरात होतंच. बारशाला न्यायचं म्हणून बनुबाईने ते महाडच्या बाजारातून आणून ठेवलं होतं.

"मर्तिकाचं हाय, सायब," कुशाबाने हात जोडले. "पोरीच्या अंगावर घालायचं. जळूनच जायचं हाय."

"ते खरं असेल. पण हद्दीत नवं कापड आलं की जकात आली."

कारकून दुष्ट नव्हता. रोज कुणी ना कुणी त्याला काही ना काही कारण सांगत असे. त्याने बोचक्यातली एकेक वस्तू बाजूला सारली. तांदूळ, नारळ, हळदकुंकवाची पुडी. "माफ." कुशाबाची तंबाखूची चंची. "स्वतःपुरती आहे, माफ." खांदेकऱ्यांसाठी घेतलेली मोहाच्या दारूची बाटली मात्र त्याने शिपायाच्या हातात दिली. "बाहेरची दारू आत न्यायची नाही." शिपायाने ती झोपडीमागे मातीत ओतली. आंबूस वास सगळीकडे पसरला.

"लुगडं इथे ठेवून जा," कारकून म्हणाला. "पावती देतो. पैसे आणा आणि सोडवून न्या."

मुंबईच्या गिरण्या संपाने बंद पडल्या होत्या, म्हणून तर कुशाबा गावी होता. त्याच्या कनवटीला काही नव्हतं. त्याने आवाज चढवून पाहिला, मग उतरवला, मग तो कारकुनाच्या पायांशी वाकला. कारकुनाने पाय मागे घेतले.

बनुबाई उन्हाकडे बघत होती. दिवस कलायला लागला होता. अशा उकाड्यात पोरीला पहाटेपासून तसंच ठेवलं असेल.

म्हातारा शिपाई रिकामी बाटली घेऊन परत आला. तो नबाबाच्याच गावचा मुसलमान होता, पांढऱ्या दाढीचा. त्याने खाली बघतच सांगितलं, "बाय, अंगावर नेसलेल्याला जकात नाय."

कुशाबा ताठ झाला. "अरे बाबा, पन वयनी..." पुढचं त्याला बोलवेना. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. बनुबाईचं कपाळ मोकळं होतं, हात मोकळे होते. हिरवा रंग तिने तेव्हापासून अंगाला लावला नव्हता.

"नुसतं वरून गुंडाळलेलं चालणार नाही," कारकून म्हणाला. "रीतसर नेसलेलं पाहिजे."

"कुठं नेसू?" बनुबाईने विचारलं.

"वयनी, नको."

"कुठं नेसू, सांगा."

शिपायाने कारकुनाला झोपडीबाहेर यायला लावलं. कुशाबालाही लांब नेलं. मग तो स्वतः दाराकडे पाठ करून उभा राहिला.

आत तिने लुगड्याची घडी मोडली. खळीचं कापड कडकडलं.  निऱ्या घालताना तिचे हात कुठे अडले नाहीत. कासोटा खोचला, पदर घेतला, उतरवलेलं जुनं लुगडं बोचक्यात बांधलं आणि ती बाहेर आली. कारकुनाने तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"जा," तो म्हणाला.

उतारावर पाण्याच्या घागरी घेऊन एक बाई भेटली. लग्नसराईचे दिवस होते. हिरवं लुगडं बघून ती लांबूनच हसली. "कुनाचं लगीन गो?"

कुशाबाने मान फिरवली.

"लेकीकडं चाललंय," बनुबाई म्हणाली आणि चालत राहिली.

चंद्रभागेला अंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं. सासू राहीबाई विहिणीला बघून रडत उठली, आणि जागीच थांबली. बायकांचं रडणंही थांबलं. कुशाबा नाक्यावरचं सांगायला लागला, पण कुणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. बनुबाई सरळ पडवीत गेली. जुनं लुगडं नेसून बाहेर आली, तेव्हा हिरवं तिच्या हातावर होतं. चुरगळलेलं, घामाने चिंब.

"विहीनबाय," राहीबाई हळू आवाजात म्हणाली, "ह्ये कसं घालायचं? कोरं लागतं. ह्ये नेसलेलं. आन् तेबी तुमी."

बनुबाई लेकीच्या उशाशी बसली. तिच्या गालावरची माशी तिने हाताने उडवली.

"माझ्या अंगाचा तिला कसला गो इटाळ?"

 राहीबाईच पुढे झाली. तिने सुनेला कमरेतून उचलून धरलं, आणि बनुबाईने लुगडं खालून सारलं. निऱ्या तिनेच घातल्या. पदर खांद्यावरून नीट घेतला, मग डोक्यावर ओढला.

पुरुष आले. तिरडी उचलली. चंद्रभागेच्या खांद्यावर आईच्या घामाचा डाग अजून ओला होता.