भाऊंनी आणलेलं पाणी

उत्तरेश्वर ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होता आणि बिभीषण त्याची फजिती व्हायची वाट बघत शेजारी उभा होता.

दोघं बीडच्या एकाच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. पीएचडीला आधी बसला बिभीषण, पण दोघांच्या गाइडसरांच्या तोंडी सदानकदा नाव उत्तरेश्वरचं. ऐकलं की बिभीषणच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. उत्तरेश्वरनं नवं संयुग बनवलं होतं. त्यातला फ्लोरिन हिशोबाशी जुळला की शोधनिबंध छापून येणार. पण आकडा दर खेपेला टक्काभर कमी पडायचा, बिभीषणच्या जिवाला तेवढाच गारवा.

दुष्काळात कॉलेजात शुद्ध पाणी तयार करणं बंद पडलं होतं. सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमधून कॅन आणावा लागे. आज पाळी बिभीषणची होती. त्यानं वाटेत वाडीवर थांबून अर्धा कॅन ओतून दिला आणि आपल्या बोअरचं पाणी भरलं. अख्ख्या वाडीचे दात त्या पाण्यानं पिवळे पडलेले, इतकं फ्लोराइड, म्हणजे फ्लोरिनच, त्यात. आकडा भलताच फुगू दे, बसू दे लेकाला डोकं धरून, असं त्याला वाटलं.

नवीन पाणी आधी पूड न घालता नुसतंच तपासायचं असतं. पण बिभीषणभाऊंनी आणलेलं म्हणून उत्तरेश्वरनं ते तपासलंच नाही. संयुगाची चिमूटभर पूड फ्लास्कमध्ये जाळून त्यानं धूर त्याच पाण्यात जिरवला होता. रंग दाखवणारं सूचक घालून पिवळं केलेलं ते पाणी आता ब्युरेटमधल्या थेंबांनी गुलाबी झालं. त्यानं कागदावर आकडेमोड केली.

"जुळलं, भाऊ."

"काय जुळलं?"

"हिशोबात हाय तेवढंच आलंय. आधीचं पाणीच खराब व्हतं, बगा."

बिभीषणनं तो कागद ओढून घेतला. "परत एकदा करून बघ की."

"तुमी पाणी आणल्यापास्नं ही तिसरी खेप हाय. दर खेपेला तेच येतंय." उत्तरेश्वरनं पेन काढलं आणि निबंधाच्या पहिल्या पानावर, स्वतःच्या नावाच्या वर, बिभीषणचं नाव लिहिलं. "न्हाई म्हणू नका. दुष्काळात माझ्यासाठी लई हेलपाटे घातले तुमी."

"अरे, पण..."

"उरलेली पूड गाइडसरांनी मुंबईच्या लॅबला धाडली हाय, खात्री करायला. आठ दिवसांत कळंल."

बिभीषण स्टुलावर बसला. उत्तरेश्वरचा आकडा बरोबर निघावा म्हणून तो आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडत होता.