सहा बटणं

पेटीच्या पॅनलवर ‘पाणी’च्या जागी ‘पाणि’ कोरलेलं होतं. काकूंनी ते वाचलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“आठ दिवस खपलोय यावर,” काकांनी पेटी त्यांच्या उशाशी टेकवली. “बटण दाबलंस की स्वयंपाकघरात दिवा लागतो, बझर वाजतो. तुला बोलायची गरजच नाही.”

बोलायची गरजच नाही! अर्धांगाच्या झटक्याने काकूंची वाचा नेली होती, उजवा हात नेला होता. अक्कल नव्हती नेली. मान तेवढी सारखी डुगडुगायची, त्यामुळे होकार कुठला आणि नकार कुठला, हे घरात कुणाला उमगेना. डाव्या हाताच्या बोटांत पेन्सिल ठरत नव्हती.

घराच्या पुढच्या खोलीत काकांचं विजेची यंत्रं बनवण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. तीस वर्षं वाटणी ठरलेली. आतल्या तारा काकांच्या, बाहेरची अक्षरं काकूंची. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला काळा रंग द्यायचा, तो वाळला की टोच्याने अक्षर ओरखडून काढायचं, की खालचा पांढरा धातू लखलखून वर येई. गिऱ्हाईक आधी त्या अक्षरांवरून बोट फिरवायचं आणि मग विचारायचं, यंत्र चालतं ना? गल्लीत सगळे त्यांना अक्षरकाकूच म्हणत.

आणि आता त्यांच्याच उशाशी हे! शिरोरेषा उताराला लागलेली. ‘औषध’मधला ‘ष’ पोट फाडल्यासारखा. पाणि, जेवण, औषध, संडास, पंखा, आराम. काकूंनी सहाही शब्द वाचले. पुन्हा पहिल्यापासून वाचले. वेलांटीचा राग कधीच मागे पडला होता. संताप आता वेगळाच होता.

तेवढ्यात लेक आत आली.

“बाबा, खाट आजच मागच्या खोलीत नेऊया. इथे दिवसभर दुकानाची कटकट. तिथे जरा शांत पडेल ती.”

“मलाही तेच वाटत होतं,” काका म्हणाले.

इथून, उघड्या दारातून, काकूंना दुकानाचं टेबल दिसायचं. येणारी-जाणारी माणसं दिसायची, कुणीतरी हात हलवायचं. मागच्या खोलीच्या खिडकीतून दिसायची ती शेजाऱ्यांची भिंत.

“काय गं, जायचं ना?” काकांनी वाकून विचारलं.

काकूंनी होती नव्हती ती ताकद लावून मान हलवली. मान नेहमीसारखी डुगडुगली.

“बघा, तयार आहे ती,” लेक म्हणाली.

काकूंनी डावा हात पेटीकडे नेला. दाबणार तरी कुठलं? त्यांनी पहिलंच दाबलं. स्वयंपाकघरात बझर वाजला, लेक धावत जाऊन पाण्याचं भांडं घेऊन आली. काकूंनी ते फटक्यासरशी उडवलं. तिसरं दाबलं. गोळी आली. त्यांनी दात आवळून ओठ मिटून घेतले.

“अगदी लहान मुलासारखं चाललंय हिचं,” लेक पुटपुटली आणि खाट सरकवायला पायथ्याशी वाकली. “बाबा, तिकडून धरा.”

काकूंनी तळहात सहाच्या सहा बटणांवर आपटला आणि तसाच दाबून धरला. बझर कोकलायला लागला. काकांनी घाईघाईने पेटी ओढून घेतली.

“शॉर्ट झालं वाटतं.”

त्यांनी दुकानातून हत्यारांचा डबा आणला, खाटेवरच बसून स्क्रू काढले, पॅनल सुटं करून चादरीवर ठेवलं आणि पेटीत डोकं घातलं. एकेक जोड हलवून बघितला.

“सगळं तर ठीक आहे. मग अडलंय कुठे?”

हे त्यांनी पेटीला विचारलं. बायकोला नाही.

काकूंनी डब्यातला टोचा उचलला. सुरी धरावी तसा मुठीत धरला आणि चादरीवरच्या पॅनलवर टेकवला.

“अगं, लागेल हाताला!” लेक ओरडली.

“असू दे, असू दे,” काकांना हसू फुटलं. “वेलांटी चुकलीय माझी. ती कशी खपवून घेईल?”

पण टोचा वेलांटीकडे गेलाच नाही. सहा शब्दांच्या खाली पत्रा कोरा होता, तिथे तो थांबला. एक वेडावाकडा काना उभा राहिला. त्याला आडवी रेघ लागली, रेघेला गाठ आली. मग हात घसरला आणि ‘आराम’वरून सरळ ओरखडा गेला. काकूंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी टोचा परत जागेवर आणला. दुसरं अक्षर पहिल्याच्या दुप्पट मोठं झालं, मात्रा पत्र्याच्या कडेला जाऊन आदळली. शिरोरेषा त्यांनी दिलीच नाही. इतकं गचाळ अक्षर त्यांच्या हातून जन्मात उतरलं नव्हतं.

“न... को,” लेकीने वाचलं. “काय नको, आई?”

काकूंनी टोचा मागच्या खोलीच्या दारावर रोखला.

लेक खाटेपासून मागे सरली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. काका पॅनलकडे बघत राहिले, मग आपण केलेले सहा शब्द त्यांनी ओठांतल्या ओठांत वाचले. त्यांचे कान लाल झाले.

ते उठून दुकानात गेले. ड्रिल आणि एक जादा बटण घेऊन आले. पण ड्रिल त्यांनी चालू केलं नाही. खाटेजवळ खाली बसून पत्रा त्यांनी काकूंच्या डोळ्यांसमोर धरला.

“तू सांग,” ते म्हणाले. “भोक कुठे पाडू?”