आंघोळीचं पाणी

बाळानं पुन्हा तोंड बाजूला केलं. ओढून ओढून थकलं होतं बिचारं. रडण्यातही आता जोर राहिला नव्हता, नुसती किरकिर चाललेली. चतुराबाईंनी दुपट्यात हात घालून पाहिला. दुपटं सकाळपासून कोरडं होतं.

"अंगावर दूधच न्हाई तुझ्या," त्या लेकीला म्हणाल्या. "लाडू खाल्लास का?"

"खाल्ला," निकिता म्हणाली. तिचे ओठ फुटले होते. "माय, घोटभर पाणी दे की."

"संध्याकाळी. जरा कळ काढ."

चतुराबाईंच्या हातची बाळंतपणं राणीसावरगावात नावाजलेली. थोरल्या दोघींची त्यांनीच केली होती, आता ही धाकटी. डिंक, खोबरं, लसूण, बाजरीची भाकर, वर तुपाची धार, कशाला म्हणजे कशाला कमी नव्हतं. फक्त पाणी तेवढं मोजून. ओवा टाकून आटवलेलं, सकाळी फुलपात्रभर, संध्याकाळी फुलपात्रभर. बाळंतिणीनं पाणी पिलं की पोट सुटतं आणि लेकराला पडसं होतं, असं त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. दवाखान्यातून सोडताना नर्स म्हणाली होती, हिला भरपूर पाणी द्या. चतुराबाईंनी मान डोलावली आणि तो सल्ला तिथंच फाटकात ठेवून आल्या. त्यांची माया खरी होती, त्यात शंका नको. मायेपोटीच तर त्यांनी पाण्याचा माठ लेकीच्या खोलीतून उचलून ओसरीवर नेला होता.

दुपारी पूर्ण्याहून जावयाचा फोन आला. बालाजी रेल्वेत नोकरीला. मोजकं बोलणारा माणूस, पण आज त्याचा आवाज चढला होता.

"मामी, लेकरू सुकत चाललंय. ड्युटी सुटली की गाडी घेऊन येतो, परभणीला दाखवू. नसता डब्याचं दूध चालू करू."

चतुराबाईंना हे फार लागलं. आपल्या घरात, आपल्या हाताखाली, नातीला डब्याचं दूध! त्यांनी फोन ठेवला आणि देवापुढं हात जोडले. नजर लागली असेल म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या होत्या. आता काय करावं ते त्यांना सुचेना, आणि भीती तर फार वाटत होती.

आंघोळीची वेळ टळून गेली होती. त्यांनी लिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी कोमट करून न्हाणीत नेऊन ठेवलं.

"मीच घालते आंघोळ," निकिता भिंत धरत उठली. कालपासून तिनं हा हट्टच धरला होता. "तू बाहेर थांब. दार लोटून घे, लेकराला वारं लागल."

धड उभं राहवत नाही आणि आंघोळ घालायची हौस केवढी! चतुराबाईंना तेवढ्यातही बरं वाटलं. पोरीला लेकराचा लळा लागला म्हणायचा.

जरा वेळानं तेलाची वाटी बाहेरच राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ती घेऊन त्यांनी दार ढकललं.

बाळ निकिताच्या पायांवर निजलेलं होतं, अजून कोरडं. बादली अर्धी रिकामी झाली होती. निकिता तांब्या तोंडाला लावून घटाघटा पीत होती. ते कडूजहर पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, ओठाला लिंबाचं पान चिकटलं होतं. आईला पाहून तिनं तांब्या झटकन बादलीत सोडला.

"थोडंच पिले, माय," ती घाबरून म्हणाली. "लेकरापुरतं हाय अजून."

चतुराबाई तेलाची वाटी तिथंच ठेवून मागं वळल्या. बाहेर गेल्या. आता सगळ्या घराला ऐकू जातील अशी बोलणी बसणार, म्हणून निकितानं डोळे मिटून घेतले.

त्या परत आल्या तेव्हा काखेत माठ होता. बाळाला त्यांनी पदराखाली घेतलं, लेकीजवळ ओल्या फरशीवरच बसल्या आणि पाण्यानं भरलेला पेला तिच्या ओठांशी धरला.

"पी. पोटभर पी. मग जावयाला फोन लाव, ड्युटी सुटायची वाट बघू नका म्हनावं."

निकिता पीत राहिली. चतुराबाईंनी तिच्या ओठावरचं पान बोटानं काढलं.

"तुझ्या वेळी मी," त्या हळूच म्हणाल्या, "गोठ्यात जाऊन म्हशीच्या हौदातलं पिले होते."