दोरी की पेटी

तिसऱ्या झटक्याला इंजिन चालू करायची दोरी तुटून मुठीसकट उर्वशीच्या हातात आली.

"गेली!" ती म्हणाली. "आता रविवारी काय करायचं, ताई?"

वर्षानं पाना खाली ठेवला. उमरखेडच्या एसटी स्टँडामागे तिचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान होतं. पंपाची इंजिनं तिनं डोळे मिटून खोलली असती. पण ही हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी आणि तरी खऱ्या इंजिनाची गाडी ती पहिल्यांदाच पाहत होती. उर्वशी यवतमाळला इंजिनिअरिंग शिकत होती. संक्रांतीच्या सुट्टीत गावी येताना ती कॉलेजची गाडी सोबत घेऊन आली होती. रविवारी नागपूरला शर्यत होती.

"दोरीचा नाद सोड, असं सगळेच म्हणतात," उर्वशी सांगू लागली. "खाली पेटी ठेवायची. आत बॅटरी, मोटर आणि वर एक रबरी चाक. गाडी त्यावर दाबली की चाक इंजिनाला फिरवतं. जोर लावायला नको. नाहीतर गाडीत मागून खुपसून इंजिन फिरवायचा बॅटरीचा दांडा मिळतो, पण तो मागवायला आठ दिवस लागतील."

"पेटीच करू," वर्षा लगेच म्हणाली. "तासाभरात करून देते."

मोडक्या स्कूटीची सेल्फची मोटर पडून होती. बॅटरी होती. पत्र्याचा डबा होता. वर्षा कामाला लागली. दोरी नको, एवढं तिनं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. का नको, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

आत खुर्चीवर इंद्रजीत बसला होता. तिचा नवरा. दुकान मूळचं त्याचं. दोन हजार सतराच्या हंगामात, डोक्याएवढ्या उंच वाढलेल्या कपाशीत फवारताना त्याला विषबाधा झाली. बावीस दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला, पण नजर आली नाही. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. गेले चार महिने तो पुन्हा दुकानात येऊन बसायचा आणि बोटांनी चाचपून वायसर निवडायचा, लहान एका डब्यात, मोठे दुसऱ्यात.

पेटी तयार झाली. वर्षानं मोटर फिरवून पाहिली आणि उर्वशीनं गाडी वर धरली.

"दाबू नका," इंद्रजीत आतून म्हणाला.

दोघी थांबल्या.

"पहिल्या दोन झटक्यांले खर्र वाजलं. तिसऱ्याले नुसतं ठक्क. आतमंदी तेल भरलं हाये, इंजिन अडकलं. दोरी तुटली म्हणून वाचलं. पेटी कायले थांबते? ते पिस्टनचा दांडा वाकवूनच सोडते."

वर्षाला एकदम ओशाळल्यासारखं झालं. कुठलाही पंप आला की ती आधी हेच पाहायची. आज दोरी टाळण्याच्या घाईत साधी गोष्ट राहून गेली होती.

"आण इकडं. पंपाची दोरी बसवून दे तिले."

"अहो, त्या तेलाचा वास..."

"येऊन राह्यला मले. वेगळा वास हाये हा, फवाऱ्याच्या औषधाचा नाही."

तिनं दोरी बसवली आणि गाडी त्याच्या मांडीवर दिली. त्यानं चाचपून प्लग सोडवला, गाडी उलटी धरली आणि दोरी ओढली. तेलाची चिळकांडी त्याच्या शर्टावर उडाली. अजून दोनदा ओढली. मग प्लग बसवून त्यानं दोरी अगदी हळू, वीतभरच ओढली आणि हात तसाच ठेवला.

"त्या दिवशी मले चक्कर आली होती," तो म्हणाला. "हात कापून राह्यले होते. पंप बंद पडला होता. म्या म्हटलं, एकच टाकी राह्यली, फवारून टाकू. अन् ओढली दोरी."

हे त्यानं डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. वर्षालाही नाही.

उर्वशीनं विचारलं, "मग भाऊ, दोरी ठेवू की पेटी?"

"पेटी घेऊन जाय. शर्यतीत येळ कोणाजवळ असते? पण पेटीवर ठेवाच्या आधी एकदा दोरी ओढून पाह्य. अशी, हळू. हाताले अडलं का थांबाचं. तेवढं पेटीले समजत नाही, बेटा."

उर्वशीनं प्लग तापवायला त्याला बॅटरी लावली. त्यानं एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली आणि इंजिन पेटलं. कर्कश आवाजानं दुकान भरून गेलं. डब्यातले वायसर थरथरू लागले.

इंजिन बंद करायला वर्षाचा हात आपसूक तेलाच्या नळीकडे गेला. चार महिने ती प्रत्येक पंप उचलून मागच्या निंबाखाली नेऊन चालू करत होती. त्याच्यासमोर एकदाही नाही.

"राहू दे," इंद्रजीत म्हणाला. त्यानं मान तिरपी करून कान इंजिनाकडे नेला होता. "तेल जरा जास्त घेऊन राह्यलं. तो बारका स्क्रू आवळ. बस. आता आयक."

उर्वशी पेटी आणि गाडी घेऊन गेली तेव्हा दुपार टळत आली होती. वर्षानं ओटा पुसला. मग पंजाबरावांचा दुरुस्तीला आलेला पंप उचलून इंद्रजीतच्या पुढ्यात ठेवला आणि दोरीची मूठ त्याच्या हातात दिली.

"घाई नाही," ती म्हणाली. "ते पाच वाजता येणार हायेत."