कोरडा चौकोन

इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर सकाळपासून पावसाची झड लागली होती. आदल्या दिवशी तिथं तंबू ठोकून राहिलेलं कुणीतरी शेकोटीपायी गवत जाळून बाटल्या फेकून गेलं होतं, म्हणून म्हातारा रूबेन धुमसतच चढण चढत होता. मागोमाग त्याची बायको हेस्टर होती.

"बघ तुझ्या लाडक्या पाहुण्यांचे प्रताप! आता माझ्या जमिनीवर एकही तंबू नको."

"सगळेच तसे नसतात रे. तरुणपणी तूही लोकांच्या रानात तंबू ठोकायचास. विचारलंस कधी कुणाला?"

रूबेनला हसू फुटलं. पण दोन पावलांवर तो थबकला.

समोर तंबूएवढ्या चौकोनात गवत दबलेलं होतं. तंबू नव्हता. भोवती पाणी साचलं होतं, पण त्या चौकोनावर पावसाचा थेंबही पडत नव्हता.

हेस्टरनं वाकून हात लावला. गवत कोरडं होतं, आणि नुकत्याच सोडलेल्या अंथरुणासारखं उबदार.

"कुणी आहे का, बाळांनो?" तिनं मायेनं विचारलं. "घाबरू नका, हा नुसताच ओरडतो."

रूबेननं तिचा हात घट्ट धरला.

त्यांच्या अगदी पुढ्यात, रिकाम्या हवेत, तंबूची चेन आतून सावकाश उघडल्याचा आवाज आला.